‘पुन्हा’ लावायची गाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मोठ्यांना गाणं आवडलं की ती ‘वा’ म्हणतात, आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलाला आवडलं की ते ‘पुन्हा’ म्हणतं. मुशायऱ्यात आम्हा कवींनाही कधीमधी ‘मुकर्रर’ची दाद मिळते. पण तो ‘मुकर्रर’ एकदा, फार तर दोनदा. मुलाचा ‘पुन्हा’ थांबत नाही. एकाच दिवशी चाळीस वेळा वाजवलं तरी चालेल, असं गाणं लिहायचं तर कसं लिहावं? माझी स्वतःची गझल चाळीस वेळा ऐकायची वेळ आली, तर मीच उठून जाईन.

हा प्रश्न डोक्यात आला तो ऑस्ट्रेलियात. माझी मुलगी आणि जावई सिडनीत असतात. तिकडच्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पाऊस असताना, मी चार महिने त्यांच्याकडे होतो. नात तीन वर्षांची. गाडीत बसलं की एकच आल्बम लागायचा आणि संपला की मागच्या सीटवरून हुकूम यायचा, ‘अगेन, नाना!’ ती गाणी होती ‘द विगल्स’ या मंडळींची. पहिल्या आठवड्यात मला ती निव्वळ गोंगाट वाटली. मग सवयीनं त्यांची मात्रा मोजायला लागलो, शब्द मोजायला लागलो, आणि लक्षात आलं की हे काम जाणत्या माणसांचं आहे.

‘विगल’ म्हणजे वळवळणं, अंग हलवणं. चार माणसं, चार रंगांचे सदरे. पिवळा ग्रेग पेज, लाल मरे कुक, निळा अँथनी फील्ड आणि जांभळा जेफ फॅट. मुलाला नाव आठवलं नाही तरी रंग आठवतो. जोडीला हिरवी डायनोसॉरबाई डोरोथी, हातात तलवारीऐवजी पीस घेतलेला समुद्री चाचा, आणि एक लाल मोटार. आपल्या जत्रेतल्या सोंगांसारखा सगळा सरंजाम. त्यांच्या कॅसेटी, सीडी, चित्रफिती ऑस्ट्रेलियातून निघून इंग्लंड-अमेरिकेतल्या घराघरांत गेल्या.

या गाण्यांचा उगम मात्र एका दुःखात आहे. 1980च्या दशकात सिडनीत ‘द कॉक्रोचेस’ नावाचा बँड होता. दारूच्या गुत्त्यांतून, विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांतून वाजवणारा, गावोगाव फिरणारा. त्यात फील्ड घराण्यातले तीन भाऊ होते, पॉल, जॉन आणि अँथनी. जेफ फॅट की-बोर्डवर. 1988 साली पॉलची तान्ही मुलगी झोपेतच गेली. काहीही कारण न सापडता पाळण्यातलं बाळ जातं, अशी ती घटना. त्या धक्क्यानंतर बँडची घडी विस्कटत गेली. अँथनीनं मॅक्वारी विद्यापीठात बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना कसं शिकवायचं, याचा तो अभ्यासक्रम. तिथं त्याला मरे कुक आणि ग्रेग पेज भेटले. या तिघांनी, जेफनं आणि फिलिप विल्चर या पियानोवादकानं मिळून 1991 साली मुलांसाठी एक आल्बम केला. त्यातल्या काही चाली कॉक्रोचेसच्याच जुन्या. शब्द बदलून, तालाचा वेग मुलांना झेपेल असा करून घेतलेल्या. ‘विगल्स’ हे नावही त्या बँडच्या एका जुन्या गाण्यातून आलं. आल्बम अर्पण केला होता त्या गेलेल्या बाळाला. बाजारात आणला एबीसीनं, म्हणजे तिथल्या आकाशवाणीनं म्हणा ना. विल्चर लवकरच बाहेर पडला आणि उरले चौघे.

हे कळल्यावर मी तीच गाणी परत ऐकली. त्यांत दुःखाची खूणसुद्धा नाही. शोकाला शोकगीताचंच रूप द्यायचं, ही आम्हा कवींची जुनी खोड. इथं एका घरातलं मूल गेलं आणि तिथून निघालेली गाणी दुसऱ्यांच्या मुलांना नाचवत राहिली. हे मला आमच्या कित्येक मर्सियांपेक्षा अवघड काम वाटतं.

आता कारागिरीबद्दल. 1994 सालचा त्यांचा ‘यमी यमी’ नावाचा आल्बम आहे. त्यातली दोन गाणी ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही तिशीतल्या माणसाला झोपेतून उठवून विचारली तरी येतात. एक ‘हॉट पोटॅटो’, दुसरं ‘फ्रूट सॅलड’. पहिल्यात तीन खाण्याचे पदार्थ आणि हाताच्या तीन हालचाली. दुसऱ्यात फळांची कोशिंबीर करायची कृती. केळं सोला, द्राक्षं टाका, सफरचंद चिरा, असं एकामागून एक. बस्स. उपमा नाही, उत्प्रेक्षा नाही, चंद्राला मामा केलेलं नाही. कवी म्हणून मला आधी ते दरिद्री वाटलं. पण प्रत्येक शब्दाला हातानं करायची एक खूण आहे, म्हणजे शब्द कळायच्या आधी हात उठतात. नातीला ‘सफरचंद’ कुठल्याच भाषेत नीट म्हणता येत नव्हतं, चिरण्याची खूण मात्र तालावर यायची. आणि ओळ संपली की एक जागा मोकळी सोडलेली असते. ऐकताना मोठ्या माणसाला वाटतं, इथं काहीतरी राहिलं. ती जागा मुलाची असते. मूल तिथं ओरडतं, टाळी वाजवतं, उडी मारतं. गझलेत काफिया येतोय हे श्रोत्यांना आधीच कळतं आणि अख्खी मैफल तो शब्द कवीबरोबर म्हणते, त्यातली मजा ज्यांनी अनुभवली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

जेफची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. चौघांपैकी त्याचंच तेवढं बालशिक्षणाचं शिक्षण झालेलं नव्हतं. मग रंगमंचावर त्यानं करायचं काय? त्यानं झोपायचं ठरलं. जेफ कुठंही, कधीही झोपतो, आणि मुलांनी एका सुरात हाक मारून त्याला उठवायचं. 1996 सालच्या आल्बमचं नावच ‘वेक अप जेफ’. दिवसभर ज्याला ‘झोप, झोप’ ऐकावं लागतं, त्या मुलाच्या हातात एक मोठा माणूस झोपेतून उठवायची सत्ता दिली. मुलाचं मन वाचलेल्या माणसालाच हे सुचतं. पुढं काय होणार हे मुलांना आधी सांगायचं, म्हणजे ती दचकत नाहीत. चित्रफितीत बोलताना थेट कॅमेऱ्याकडे बघायचं, म्हणजे प्रत्येक मुलाला वाटतं की हा माझ्याशीच बोलतोय. या सगळ्याच्या मागं वर्गातला अभ्यास होता.

सगळंच सोनं आहे असं नाही. आल्बमांची संख्या इतकी आहे की पुढंपुढं तेच दळण दळल्यासारखं वाटतं. खेळणी, कपडे, डबे, बाटल्या असा बाजारही भरपूर. बाईमाणूस या चौकडीत यायला 2013 साल उजाडावं लागलं. एमा वॉटकिन्स ही पहिली. ज्या शिक्षणक्षेत्रातून ही माणसं आली, तिथं बहुतेक बायकाच काम करतात, हे ध्यानात घेतलं म्हणजे हा उशीर जास्तच बोचतो. 2021 साली मात्र त्यांनी मंडळ मोठं केलं आणि त्यात इथिओपियात जन्मलेली त्सेहे हॉकिन्स आली, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी समाजातली बॅले नर्तकी एव्ही फेरिस आली. माझ्या सावळ्या नातीच्या दृष्टीनं ही बारीक गोष्ट नाही.

आता आपल्याकडे येतो. मराठीत ध्वनिमुद्रित बालगीतं कमी नाहीत, आणि शब्दांच्या श्रीमंतीत विगल्सनी त्यांच्या पासंगालाही पुरू नये. ‘देवबाप्पा’ चित्रपट 1953 सालचा. त्यातलं ‘नाच रे मोरा’ गदिमांनी लिहिलं, पु. लं.नी चाल दिली, आशाताईंनी गायलं, आणि आज सत्तर वर्षांनंतरही गॅदरिंगमध्ये मोराचा पिसारा लावून कुणीतरी पोर त्यावर नाचतंच. पाडगावकरांच्या ‘सांग सांग भोलानाथ’ला मीना खडीकरांनी चाल दिली आणि ते गायला मुलांचे आवाज घेतले. शाळेला दांडी मारायची मुलाची इच्छा त्यात राजरोस येते, उपदेशाचं शेपूट न लावता. पाडगावकरांचा हा मोठेपणा आहे.

पण वयाचा हिशेब मांडा. भोलानाथाला प्रश्न विचारणारं मूल शाळेत जाणारं आहे. त्याला आठवड्याचे वार कळतात, गणिताच्या पेपरची धास्ती कळते. त्याच्या आधीचं, दोन ते चार वर्षांचं, भाषा नुकती तोंडात घोळवायला लागलेलं मूल, याच्यासाठी आपल्या रेकॉर्डींवर काय आहे? फार थोडं. आपली बालगीतं भावगीताच्या घरात जन्मली. उत्तम कवी, उत्तम संगीतकार, उत्तम गळा, व्हायोलिन, बासरी. मुलानं मांडी घालून ऐकावीत अशी ती गाणी आहेत. दोन वर्षांचं मूल मांडी घालून बसत नाही.

या वयासाठीचं जे आपल्याकडे होतं ते घरात होतं. ‘अडगुलं मडगुलं’ होतं, ‘इथं इथं बस रे मोरा’ होतं. भोंडल्याची गाणी तर साखळीसारखी, एका कडीत दुसरी अडकत जाणारी. आमच्या घरी अम्मा दखनीत अंगाई म्हणायची आणि जात्यावर बसली की मराठी ओवी. दोन्हींत तीच ओळ फिरून फिरून यायची. फरक एवढाच, की डोळे मिटायला लागले की अम्माची ओळ लांबायची, आवाज खाली जायचा, शेवटी शब्द गळून नुसता हुंकार उरायचा. गाणाऱ्याला ऐकणारा दिसत होता. रेकॉर्डला तो दिसत नाही. मूल झोपलं तरी ती वाजत राहते आणि मूल रडलं तरी तिच्या लयीत फरक पडत नाही. म्हणून ध्वनिमुद्रित बालगीत करणाऱ्याला समोर नसलेलं मूल आधीच डोळ्यांपुढं आणावं लागतं. ते कुठं थकेल, कुठं हसेल, कुठं ओरडेल, हे स्टुडिओतच ठरवून ठेवावं लागतं. विगल्सचं यश मला यात दिसतं.

या न थांबण्यातलं एक भयंकर अंगही सांगायला हवं. पश्चिम ऑस्ट्रेलियात बनबरी नावाचं शहर आहे. तिथल्या एका खुल्या रंगमंचाच्या छपराखाली बेघर माणसं आसऱ्याला येत. 2023 साली तिथं लाउडस्पीकरवर विगल्सचं गाणं सतत, पुन्हापुन्हा वाजवायला सुरुवात झाली. हेतू असा, की या लोकांनी वैतागून निघून जावं. बातमी फुटली. विगल्सनी जाहीरपणे नाराजी कळवली, आमचं संगीत मुलांच्या आनंदासाठी आहे, ते असं वापरलेलं आम्हाला मान्य नाही, अशा अर्थाची, आणि नगरपालिकेला ते बंद करावं लागलं. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या वेस्ट पाम बीच इथं 2019 साली हाच प्रकार ‘बेबी शार्क’ या गाण्यानं केला होता. मुलाला जे सुख देतं तेच रात्रभर कानांवर आदळलं तर मोठ्या माणसाला छळतं, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं आणि त्यानं त्याचं हत्यार केलं. त्या माणसांपैकी काही जण लहानपणी याच गाण्यावर नाचलेले असतील, या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तीस वर्षं चाललेलं गाणं म्हटल्यावर तशी शक्यता अगदीच धूसर नाही.

त्याच पिढीनं दुसऱ्या टोकाचं कामही केलं. तिथं ट्रिपल जे नावाचं तरुणांचं रेडिओ केंद्र आहे. दरवर्षी श्रोत्यांच्या मतांवरून आदल्या वर्षातली शंभर गाणी ते निवडतं. 2021 सालच्या यादीत पहिला क्रमांक विगल्सना मिळाला. टेम इम्पाला या मंडळाचं ‘एलिफंट’ हे तरुणांचं गाणं त्यांनी केंद्रासाठी गायलं होतं आणि मधेच त्यात आपल्या फळांच्या कोशिंबिरीचं गाणं मिसळून दिलं होतं. मागोमाग मार्च 2022मध्ये त्यांचा ‘रीविगल्ड’ हा आल्बम तिथल्या विक्रीच्या यादीत अव्वल आला. तीस वर्षांत प्रथमच. मतं देणारी पोरं आता नोकऱ्या करत होती, घरभाडं भरत होती. त्याआधी दोन वर्षं, जानेवारी 2020मध्ये, सिडनीच्या कॅसल हिलला वणवाग्रस्तांच्या मदतीसाठी जुन्या चौघांचा कार्यक्रम झाला. मोठे झालेले श्रोते गर्दी करून आले होते. तिथं ग्रेग पेजचं हृदय बंद पडलं. प्रेक्षकांतल्या एका नर्सनं छाती दाबून, झटका देणारं यंत्र वापरून त्याला परत आणलं. आज तो गावोगाव अशी यंत्रं बसावीत, लोकांनी ती वापरायला शिकावं, यासाठी संस्था चालवतो.

मी परत आलो तो मनात एक प्रश्न घेऊन. ऑस्ट्रेलियात हे जमलं कारण गुत्त्यात गिटार वाजवणारा आणि बालशिक्षणाच्या वर्गात टिपणं काढणारा हा एकच माणूस होता. मुलांचं शास्त्र आपल्याकडे कमी होतं का? नव्हतं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला तो 1926 साली. ताराबाई आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला गेल्या, 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून या बायकांनी शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. गाणी, हातवारे, ताल यांतूनच ते शिक्षण चालायचं. मॅक्वारीत अँथनी फील्ड जे शिकला त्यातलं बरंचसं कोसबाडच्या झाडांखाली तीस वर्षं आधी चालू होतं.

तिथून मायक्रोफोनपर्यंतचा रस्ता मात्र कुणी बांधला नाही. मुंबईच्या स्टुडिओत संगीतकार होते, कोसबाडला बालवाडीच्या बाई होत्या, आणि दोघांची गाठ घालून देणारं कुणी नव्हतं. पुढं 1975 साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाड्या गावोगाव पोचल्या. आज त्यांतल्या प्रत्येक ताईजवळ पंधरा-वीस तरी गाणी असतात. काही पुस्तकातली, बरीचशी एकीकडून दुसरीकडे गेलेली, काही तिनं स्वतःच जुळवलेली. भाषा त्या त्या गावची. त्यांतली किती ध्वनिमुद्रित झाली आहेत? मोबाइलवर मुलांसाठी जी मराठी गाणी धो धो वाहतात, ती ऐका. इंग्रजी गाण्याच्या चालीवर मराठी शब्द बसवलेले, आणि आघात इतके चुकीचे की मूल मराठी शिकायच्या आधी ती मोडायला शिकतं. सिडनीत माझ्या मुलीनं नातीसाठी मराठी गाणी शोधली तेव्हा तिच्या हाती हेच लागलं. नातीनं दोन मिनिटं पाहिलं आणि ‘विगल्स’ मागितलं. तिचा कान खरा होता.

आकाशवाणीच्या या स्टुडिओत बसून मी हे मुद्दाम बोलतो आहे. ध्वनिमुद्रणाची साधनं इथं आहेत, आणि अंगणवाडी इथून पाच मिनिटांवर असेल. मोठा वाद्यवृंद नको. एक ढोलकी, एक खंजिरी, ताई आणि तिच्यापुढची पंधरा मुलं. मुलांचा गलका पुसून टाकू नये, एवढंच सांगणं.

आमच्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीत मी गेल्या महिन्यात दोन सकाळी जाऊन बसलो. तिथं दखनी बोलणारी मुलं आहेत, मराठी बोलणारी आहेत, आणि कानडी बोलणारी दोन भावंडं आहेत, त्यांचे वडील वीटभट्टीवर आहेत. ताई पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. त्यांचं एक गाणं भाकरीचं आहे. पीठ चाळण्यापासून भाकरी फुगेपर्यंत, प्रत्येक गोष्टीला हाताची खूण. मी विचारलं, ‘ताई, हे कुठं लिहून ठेवलंय का?’ त्या म्हणाल्या, ‘लिहायचं काय त्यात, भाई? पोरं समोर असली की येतंय.’ मग त्यांनी परत सुरू केलं. पीठ मळून झालं, तवा तापला, भाकरी टाकली, आणि शेवटच्या शब्दाच्या अलीकडे त्या थांबल्या, दोन्ही हात फुगवून, मुलांकडे बघत. कानडी भावंडांतलं धाकटं पोर सगळ्यांत आधी ओरडलं.